एक लाखाचा रिपोर्ट

आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे लघवीच्या त्रासाला नाव आहे, पण तो आजार आहे असे मानायची पद्धत नाही. 'उन्हाळी लागली' एवढे म्हटले की झाले. जणू वैशाखाचे ऊन अंगात शिरले आणि आता बाहेर पडताना जाळत चालले आहे. त्यावर धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळा घातलेल्या माठातले पाणी, फार झाले तर चिमूटभर खायचा सोडा. दोन दिवसांत बरे वाटले तर ऊन उतरले. नाही वाटले तर आणखी दोन दिवस धने. मी या नावाची चेष्टा करीत नाही. त्यात अर्धे खरे आहे. चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात शेतात राबणाऱ्या माणसाच्या अंगातले पाणी घामावाटे जाते, लघवी थोडी आणि गडद होते, आणि अशी लघवी जंतू नसतानाही जळजळते. त्या वेळी पाणी हेच औषध. उरलेले अर्धे मात्र उन्हाच्या माथी मारता येत नाही. पौषातल्या थंडीत दात वाजत असताना लागणाऱ्या 'उन्हाळी'ला काय म्हणावे, हे मी लहानपणी आजीला विचारले होते. "जुनी असंन अंगातली," एवढेच उत्तर मिळाले.

१९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, तरी आमचा दोन भाषांचा संसार तसाच चालू आहे. भांडण, अंगाई आणि स्वयंपाक मराठीत. कचेरी, कोर्ट, शाळा आणि दवाखाना हिंदीत. आम्हाला दुखते मराठीत आणि सांगावे लागते हिंदीत. आता लघवीसारखी गोष्ट, जी बाईमाणसाला मायबोलीतही धड सांगता येत नाही, ती परक्या पुरुषापुढे दुसऱ्या भाषेत कशी सांगावी?

मी पस्तीस वर्षे शाळांतून शिकवले. शाळेत या विषयाची एक मूक भाषा असते. करंगळी वर केली की गुरुजींनी समजायचे. पण करंगळी वर करून जायचे कुठे? एका गावी, गावाचे नाव सांगत नाही, मुलींच्या मुतारीला कुलूप असे आणि किल्ली हेडमास्तरांच्या खणात. ती मागायला कोण जाणार? मुलींनी त्यावर आपला उपाय काढला होता. सकाळी घरून निघताना पाणी प्यायचेच नाही. संत्र्याच्या तोडीला जाणाऱ्या बायकाही तेच करतात. बगीच्यात दहा पुरुष आणि आडोसा म्हणजे संत्र्याची झाडे. तेव्हा सकाळपासून घोटभर चहा आणि मग थेट संध्याकाळ. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावले. वर्षभरात त्यांचे दुखणे दुसऱ्या निम्म्यांच्या जवळपास अर्ध्यावर आले. आमच्या तोडीच्या बायका नेमका याच्या उलटा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या करीत आहेत.

आणि हे सांगायची लाज किती! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पांढुर्णा आणि सावरगावचे लोक एकमेकांवर दगड फेकतात. डोकी फुटतात, हाडे मोडतात, जीवही गेलेले आहेत. दुसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी बांधलेला माणूस चौकात चहा पीत, कोणता गोटा कुठून आला हे चार लोकांना रंगवून सांगतो. त्याच्याच घरातली बाई महिना महिना जळजळ सोसते आणि नवऱ्यालाही कळू देत नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतील ६५० स्त्रिया तपासून १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहिला. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि त्यासाठी आधी तपासणी-उपचार झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. तो अभ्यास लघवीतल्या जंतूंचा नव्हे. पण अंगावर काढण्याची रीत तीच.

एवढे लांबण लावले, कारण यंदा आमच्या घरी सगळे उलटे घडले. जिला कसलाही त्रास नव्हता तिच्या लघवीत जंतू सापडले.

आई त्र्याऐंशी वर्षांची. पांढुर्ण्याला दादा-वहिनी, भाचा आणि त्याची बायको यांच्याबरोबर राहते. (भावाच्या मुलाला मी भाचाच म्हणते, आमच्याकडे तसेच म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी रागावू नये.) उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. शस्त्रक्रियेआधी साखर, रक्तदाब आणि लघवी तपासून आणायला सांगितले. चिठ्ठी मिळाली, बाटली मिळाली नाही. वहिनींनी खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली विसळून दिली. उन्हाळ्याचे दिवस; बाटली सकाळी सहाला भरली आणि दादा अकराला तपासणीला देऊन आला. संध्याकाळी कागद आला. पस सेल आठ ते दहा, एपिथेलियल सेल भरपूर, बॅक्टेरियापुढे दोन अधिक चिन्हे. दवाखान्यातला कंपाउंडर दादाला म्हणाला, "माताजी के पेशाब में कीड़े निकले हैं. मवाद भी है. ऑपरेशन अभी नहीं होगा. पहले सात दिन इंजेक्शन लगेंगे, सुबह-शाम."

दुसऱ्या दिवशी मी सौंसरहून पहिल्या गाडीने गेले. आई ओट्यावर लसूण सोलत होती. मला पाहताच म्हणाली, "पोरी, माह्या पोटात किडे झाले म्हणते तो. संत्र सडलं का किडे होतेच. माणसाचं तेच."

आत गेले तर कळले की तिने आपला ग्लास आणि ताट वेगळे केले होते. रात्री नातसुनेला तिने जवळ बसू दिले नव्हते. नातसून तेव्हा नुकतीच गरोदर होती. "तिले नको लागाले," असे म्हणून आईने आपली गादीही पडवीत नेली होती. ज्या बाईने उभे आयुष्य विटाळचंडाळ फारसे मानले नाही, तिने एका कागदामुळे स्वतःलाच विटाळ लावून घेतला. मला कंपाउंडरचा राग आला, आणि भाषेचाही.

कारण शब्दांचाच घोळ होता. आमच्या मराठीत जंत वेगळे आणि जंतू वेगळे. जंत पोटात होतात, डोळ्यांना दिसतात, त्यांचे औषध शाळेत वाटतात. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. हिंदी बोलताना माणसे कीटाणूचे सहज 'कीड़े' करतात, आणि मराठी कानात त्याचे 'किडे' होतात. 'मवाद' म्हणजे पू, म्हणून आई विचारी, "मी का फोड आहो?" पस सेल म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी. दुर्बिणीच्या एका नजरेत पाचापर्यंत त्या कोणाच्याही लघवीत असू शकतात. एपिथेलियल सेल म्हणजे त्वचेच्या आणि आतल्या अस्तराच्या गळलेल्या पेशी. त्या 'भरपूर' असल्या तर बहुधा नमुना मूत्राशयातला कमी आणि बाहेरच्या कातडीवरचा जास्त. म्हणजे तो कागद आईविषयी थोडे आणि बाटलीविषयी पुष्कळ सांगत होता.

त्यात पाच तासांचा उशीर. हे जंतू चांगली ऊब आणि खाद्य मिळाले तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. गणिताच्या शिक्षकाला हे सांगावे लागत नाही. तासाला तीनदा दुप्पट, म्हणजे आठपट. दोन तासांत चौसष्टपट. तीन तासांत पाचशे बारापट. हजार जंतू असले तर दुपारच्या आत त्यांचे पाच लाख होऊ शकतात. बाटलीत सगळे इतके हिशेबात वाढत नाहीत हे खरे, पण मेमधल्या पांढुर्ण्यात त्यांना ऊब कमी पडणार नाही. म्हणून नमुना दोन तासांत पोचवावा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवावा.

मी तपासणी पुन्हा करवली. या वेळी लॅबमधून निर्जंतुक डबी आणली. आईला समजावून सांगितले : नुसत्या पाण्याने जागा धुवायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली डबीत धरायची, शेवटची पुन्हा सोडून द्यायची, आणि डबीच्या आत बोट लावायचे नाही. आई म्हणाली, "एवढं तर सत्यनारायणाच्या पूजेलेबी नाही सोवळं." लॅबवाल्याने डबी बर्फाच्या डब्यात घालून नागपूरला कल्चरसाठी पाठवली. तिसऱ्या दिवशी उत्तर आले : 'ई-कोलाय, एक लाखाहून अधिक'. खाली अकरा औषधांची यादी. त्यांतल्या सहांपुढे 'आर', म्हणजे त्या औषधांना हा जंतू दाद देणार नाही.

दादाने मोठ्याने वाचले. आईने कानावर हात ठेवून ऐकले आणि विचारले, "ई, कोल्हा हाय? माह्या पोटात?"

घरात दोन दिवसांत पहिल्यांदा कोणी हसले. तेव्हापासून आमच्याकडे त्या जंतूचे नाव कोल्हाच आहे.

तर हा कोल्हा. थिओडोर एशेरिख नावाच्या डॉक्टराने तान्ह्या मुलांच्या शीतून तो शोधून १८८५ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे त्याचेच नाव जंतूला मिळाले. तो सर्वांच्या आतड्यात असतो. वाचकांच्या, माझ्या आणि त्या कंपाउंडरच्याही. तिथे तो बहुधा निरुपद्रवी. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब आणि गुदद्वाराच्या जवळ, म्हणून तिथून मूत्राशयात यायला त्याला फार चालावे लागत नाही. यात अस्वच्छतेचा किंवा चारित्र्याचा प्रश्नच नाही, शरीराच्या घडणीचा आहे. निरोगी लघवी संपूर्ण निर्जंतुक असते असे कितीतरी वर्षे पुस्तकांत छापले जात होते. २०१२ पासूनच्या नव्या तपासण्यांनी तेही मोडीत काढले.

आणि एक लाख? आईला वाटले कोणीतरी बसून मोजले. मोजतात, पण युक्तीने. तारेच्या टोकाला एक बारीक कडे असते. त्यात लघवीचा मिलिलिटरचा हजारावा भाग मावतो. तो एका तबकडीतल्या जेलीवर फासतात आणि तबकडी रात्रभर ३७ अंशांच्या उबेत ठेवतात. जिथे एक जिवंत जंतू पडला तिथे सकाळी एक ठिपका उगवतो. शंभर ठिपके उगवले तर एका मिलिलिटरला शंभर गुणिले हजार, म्हणजे एक लाख. तबकडीतली ती जेली म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातले चायना ग्रास. जर्मनीत कॉखच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्टर हेसची जिलेटिनची जेली उन्हाळ्यात पातळ होई, आणि काही जंतू ती खाऊनही टाकीत. १८८१ मध्ये त्याची पत्नी फॅनी हिने सुचवले की आपण मुरंब्या-जेलीत घालतो ते अगार वापरून पाहा. ते उन्हाळ्यातही टिकते. तेव्हापासून जगातल्या प्रयोगशाळा या गृहिणीच्या पाककृतीवर चालतात. आमच्या मराठी विज्ञानाच्या धड्यांत कॉख होता. फॅनी कधी भेटली नाही.

एक लाख हाच आकडा का, याचे उत्तर बॉस्टनमध्ये आहे. तिथल्या एडवर्ड कास या डॉक्टराने १९५० च्या दशकात पाहिले की बाहेरून मिसळलेले जंतू सहसा कमी असतात आणि मूत्राशयात खरोखर राहणारे सहसा लाखावर. १९५६ मध्ये त्याने हा हिशेब मांडला. म्हणजे लाखाची रेघ एवढेच सांगते की जंतू बाटलीतले नसून बहुधा मूत्राशयातले आहेत. (स्त्रियांच्या बाबतीत खात्रीसाठी दोन नमुने लागतात, असेही त्यात आहे.) माणूस आजारी आहे की नाही हे ती रेघ सांगत नाही. जिला जळजळ, घाई आणि ओटीपोटात दुखणे आहे, तिला लाखाच्या कितीतरी खालीही खरा संसर्ग असू शकतो. आणि जिला काहीच नाही, तिला लाखावरही आजार नसू शकतो. कासच्या त्या लेखाचा विषयच मुळी लक्षणांशिवायचे जंतू हा होता. आकडा जगभर गेला, आणि लेखाचे नाव वाटेत गळाले.

आम्ही आईला आगगाडीने नागपूरला नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागद आधी पाहिला नाही. आईला मराठीतच विचारले, "आजी, लघवी करताना आग होते का? घाईघाईने जावे लागते का? ताप, थंडी, कंबरेच्या वर कुशीत दुखणे?"

"नाही जी. मले काही नाही. डोळ्यानं दिसत नाही, तेवढंच."

"मग मी औषध कोणाला देऊ? कागदाला?"

त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे. सत्तरीपुढच्या दहा बायकांत एखाद-दुसरीच्या लघवीत असे जंतू सापडतात. त्यांना तिथे वस्ती करायची असते, हल्ला करायचा नसतो. औषध देऊन त्यांना हुसकले तर ते बहुधा परत येतात, आणि येताना अधिक निगरगट्ट होऊन येतात. स्वीडनमधल्या एका मुलीच्या मूत्राशयात ई-कोलायचा एक वाण तीन वर्षे काही त्रास न देता राहिला. संशोधकांनी पुढे तोच वाण, वारंवार संसर्ग होणाऱ्या रुग्णांच्या मूत्राशयात मुद्दाम सोडून पाहिला; हेतू हा की या गरीब भाडेकरूने जागा अडवली तर दरोडेखोराला शिरता येऊ नये. इटलीतल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये तरुण स्त्रियांवरचा अभ्यास छापला. लक्षणे नसताना जंतूंसाठी औषध दिलेल्या गटालाच पुढच्या वर्षात जास्त त्रास झाला. औषध न दिलेला गट सुखात राहिला. मधुमेह आहे म्हणूनही त्रास नसताना औषध द्यायचे नसते. आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा लघवीतल्या जंतूंशी काही संबंध नाही. त्यांनी तशी चिठ्ठी लिहून दिली. महिन्याभरात आईचा डोळा झाला. ग्लास आणि गादी त्याआधीच परत आले होते.

इथे गोष्ट संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता.

आषाढात नातसुनेला चौथा महिना लागला. बाळंतपणाआधीच्या नेहमीच्या तपासण्यांत लघवीचे कल्चर झाले. पुन्हा तोच कोल्हा, पुन्हा एक लाखाच्या वर. तिलाही काही त्रास नव्हता. तिच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र सात दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. आता घरातले सगळे शहाणे झालेले! वहिनी म्हणाल्या, "सासूबाईंच्या लाखाले औषध नाही लागलं, मंग हिच्या लाखाले काहून? पोटात लेकरू असताना गोळ्या कायले?" दादाने मान डोलावली. भाच्याने नागपूरच्या डॉक्टरीणबाईंचे वाक्य मलाच ऐकवले, "आत्या, औषध कागदाला द्यायचे का?" नातसून बिचारी गोळ्यांचे पाकीट कपाटात ठेवून गप्प बसली. चार दिवस तसेच गेले.

मला हे कळले आणि मी घाबरले. अर्धे ज्ञान आमच्या घरात माझ्याच डोळ्यांदेखत पाहुणे म्हणून आले होते आणि आता कर्त्या पुरुषासारखे बोलत होते. नातसुनेलाच बरोबर घेऊन मी तिच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवले. गरोदरपणात शरीरातल्या रसांमुळे मूत्रपिंडापासून येणाऱ्या नळ्या सैल पडतात, वाढते गर्भाशय त्यांवर दाब देते, आणि लघवी वाहती न राहता साचते. साचलेल्या पाण्यात वस्ती करून असलेला जंतू मग वर चढतो. जुन्या अभ्यासांत उपचार न झालेल्या अशा गरोदर स्त्रियांपैकी २० ते ३० टक्क्यांना पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग झाला. उपचार केल्यावर हे प्रमाण थोड्या टक्क्यांवर आले. तो संसर्ग आईच्या जिवावर बेतू शकतो, आणि दिवस पुरे होण्याआधी बाळंतपण होऊ शकते. दिलेली गोळी गरोदरपणाच्या या महिन्यांत चालणारी होती, आणि कल्चरमध्ये जंतू तिला दाद देणारा निघाला होता. म्हणजे ज्या रिपोर्टावर आजीला काही करायचे नाही, त्याच रिपोर्टावर नातसुनेला करायलाच हवे. दुसरा अपवाद मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेचा. दादाच्या मित्राला प्रोस्टेटच्या ऑपरेशनआधी याच कारणासाठी औषध मिळाले होते.

घरी येऊन मी चित्रासकट सगळे सांगितले. वहिनींना ते पटले की नाही, कळेना. शेवटी आई बोलली. "मी म्हातारी. माह्या अंगात कोल्हा राहिला त राहू दे, तो काय खाईन माह्यं? तिच्या अंगणात कोंबडी अंड्यावर बसली आहे. तिथं कोल्हा नाही ठेवत." आणि स्वतः उठून, नव्या डोळ्याने पाकिटावरची तारीख वाचून, तिने पहिली गोळी नातसुनेच्या हातावर ठेवली.

डॉक्टरांचे चित्र आणि आईची कोंबडी यांत मला तरी कोंबडी वरचढ वाटली.

नातसुनेने सातही दिवस गोळ्या घेतल्या. पाचव्या दिवशी शेजारची एक बाई हळूच विचारून गेली की उरल्या असतील तर दोन देता का, तिला उन्हाळी लागली आहे. उरल्या नव्हत्या, आणि उरल्या असत्या तरी मी देऊ दिल्या नसत्या. त्या पाकिटावर एक उभी लाल रेघ असते. तिचा अर्थ चिठ्ठीशिवाय घेऊ नये असा. आपल्याकडे ती रेघ शोभेची समजतात. आईच्या कागदावर सहा औषधांपुढे 'आर' कसे आले, याचे उत्तर अशा उरल्यासुरल्या दोन-दोन गोळ्यांत पुष्कळसे आहे. २००८ मध्ये दिल्लीच्या रुग्णालयात राहून स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीत जो जंतू सापडला, त्याच्यापुढे अखेरची म्हणून राखून ठेवलेली औषधेही हतबल ठरली. ते प्रकरण जगभर गाजले, आणि त्याची सुरुवातही लघवीच्या तपासणीतच झाली.

शेजारणीला मी दवाखान्यात घेऊन गेले. तिला ताप येऊन थंडी वाजत होती आणि उजव्या कुशीत दुखत होते, हे तिने मला वाटेत रिक्षात सांगितले, घरी नव्हे. ही लक्षणे असतील, उलट्या होत असतील, तर धने-जिरे बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. म्हातारे माणूस एकाएकी भ्रमिष्टासारखे बोलू लागले तरी नुसते 'लघवीत जंतू असतील' म्हणून थांबू नये. पाणी कमी पडले आहे का, नवे औषध सुरू झाले आहे का, हे सगळे बघावे लागते. तिचा हात धरून मीच हिंदीत सांगितले, कारण तिला 'जलन'च्या पुढचे शब्द तोंडातून काढवेनात.

नातसुनेचे दुसरे कल्चर भाद्रपदात झाले. ते स्वच्छ आले. तरी बाळंतपणापर्यंत अधूनमधून पुन्हा तपासायला सांगितले आहे, कारण गेलेला कोल्हा वाट विसरत नाही. दरम्यान मी लॅबवाल्याला नमुना कसा घ्यावा याची सूचना एका कागदावर मराठीत आणि एका कागदावर हिंदीत लिहून दिली. वळणदार अक्षरात, 'लघवी' हा शब्द मोठा काढून. त्याने हिंदीचा कागद लगेच काउंटरवर चिकटवला आणि मराठीचा टेबलाच्या काचेखाली सरकवला, म्हणाला, "बाई, बाहेर लावायला बरे दिसत नाही." मागच्या आठवड्यात गेले तेव्हा तो काचेखालून निघाला होता. आता तो आतल्या न्हाणीच्या दारावर, बायकांच्या नजरेच्या उंचीवर लावलेला आहे. खाली कोणीतरी पेनाने लिहिले आहे : 'डबी घरून आनू नये'. शुद्धलेखन मी सुधारले नाही.